समुद्राकडच्या खोलीबाबत

मी, सदाशिव रामा दुर्गवळी, वय एकाहत्तर, राहणार मालगुंड, जिल्हा रत्नागिरी, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांची अट कायद्यात नाही असे वकील म्हणाले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. लाजेचा धरत असतील तर तेवढा आहे.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा पत्नी कमळा हिला. तिच्या हयातीत तिला स्वयंपाकघरातून कोणी हलवू नये, पर्यटकांनी "काकू, किचन वापरू का" असे कितीही गोड विचारले तरी.

२. मागल्या अंगणातील भाड्याच्या चार खोल्यांपैकी तीन मुलगा नितेश याला. मे महिन्याच्या सीझनची तयारी त्याने होळी झाली की सुरू करावी. खाऱ्या हवेने कड्या गंजतात, त्यांना तेल द्यावे. गाद्या कातळावर कडक उन्हात टाकाव्यात. टाकी आत उतरून घासावी. वरून पाणी मारून केलेले सोंग मी ओळखतो. मोबाईलवरच्या जाहिरातीत 'सर्व खोल्यांतून समुद्र' असे लिहिले आहे, ते काढावे. या तीन खोल्यांतून शेजाऱ्याचे माड दिसतात.

३. बांधावरचा फणस माझा आहे. शेजारी हर्षद तो आपला म्हणतो. तोच आज साक्षीला बसला आहे, म्हणून वाद वाढवत नाही. फणस त्याला द्यावा, गरे मागून घ्यावेत.

४. चौथी, समुद्राकडची खोली थोरला भाऊ भिवा याला. वकिलांनी 'देतो' लिहिले होते, ते खोडून 'परत करतो' करायला लावले. जागा वडिलांची, म्हणजे अर्धी त्याचीच.

भिवा मुंबईला गोदीत होता. दर मे महिन्यात बायकोपोरांना घेऊन यायचा. नेमका तोच माझा सीझन. भाड्याचे पाहुणे ठेवायचे तर घरचा माणूस कुठे ठेवायचा? "येऊ नकोस" म्हणायला जीभ रेटेना. म्हणून एका वर्षी फोनवर सांगितले, "दादा, हीर आटलीय. पावसात ये." कोकणात मे महिन्यात हे कोणालाही पटते. पुढल्या वर्षीही तेच सांगितले.

तिसऱ्या वर्षी तो न कळवता एकटाच आला. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. आमचे हाल होत असतील म्हणून एसटीच्या थांब्यापासून चढण चढून आणलेले. अंगणात पाहुण्यांची पोरे नळीने एकमेकांवर पाणी उडवत होती. तोही भिजला. कॅन ओटीवर ठेवून म्हणाला, "पाणी लागलं वाटतं. बरं झालं." चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. मी राहा म्हणालो नाही, कारण चारही खोल्या भरल्या होत्या. कमळा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचे बरोबर होते.

तेव्हापासून दर वर्षी होळीनंतर तोच फोन करतो आणि तोच विचारतो, "यंदा पन हीर आटली असंल ना?" मी हो म्हणतो. माझे खोटेसुद्धा तोच माझ्या वतीने बोलतो. याची इतकी लाज वाटते की विहिरीवरचा पंप सुरू करायला मी नितेशला पाठवतो.

अट एवढीच की ही खोली कोणत्याही सीझनला भाड्याने देऊ नये. भिवा नसेल तेव्हा रिकामी राहू द्यावी.

५. वरील मजकूर वाचून साक्षीदार काशीराम, आम्हा दोघा भावांचा लहानपणापासूनचा सोबती, म्हणाला, "भिवा तुज्यापेक्षा मोटा. तू मेल्यावर त्याला खोली. म्हंजे आदी कोन जानार ते ठरवलंस काय? फोन लाव."

लावला. भिवा नेहमीचेच बोलला. "हीर आटली असंल. असू दे, मी पावसात येतंव." माझ्या तोंडून "हो" निघून गेले. काशीरामाने सहीचे पेन खाली ठेवले.

पुन्हा लावला. म्हणालो, "दादा, हीर कधीच आटली नव्हती. तू मे महिन्यातच ये." तो हळूच म्हणाला, "अरं, पन मी आलो तर तुज्या पावन्यांना जागा पुरंल काय?"

सबब कलम ४ माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून लागू.

लिहून ठेवणार : सदाशिव रामा दुर्गवळी (सही)
साक्षीदार : १. काशीराम बाळू घवाळी (सही)
२. हर्षद विठोबा मायंगडे (सही)
मालगुंड, दि. २० मार्च २०२५