मरणाचा ढोल

मी, डॉ. चित्रलेखा मोहन शेजवलकर, वय एकाहत्तर, राहणार पॉइंट कुक, मेलबर्न, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करत आहे. कोणाच्याही दबावाखाली नाही, असं पुढे लिहायची पद्धत आहे. दबाव आहे, मी त्याला भीक घालत नाही.

राहतं घर माझा मुलगा सलिल याला. रोज संध्याकाळी समोर येऊन थांबणाऱ्या पांढऱ्या गाडीला घाबरून त्याने ते विकू नये. "आई, ड्रॉप इट ना, प्लीज. ते लोक डेंजरस आहेत," असं तो म्हणतो. ते किती डेंजरस आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पश्चिम आफ्रिकेत यादवी चालू असताना मी कोमाबू नावाच्या खेड्यात मरियामा नावाच्या बाईचं बाळंतपण करायला गेले होते. तिथे कोणी वारलं की ढोल वाजे आणि सगळं गाव, कोयते दाराशी ठेवून, चौकात जमे. निमलष्करी टोळीला ही रीत ठाऊक होती. त्या सकाळी गावात कोणी मेलं नव्हतं. टोळीच्या म्होरक्याने स्वतः ढोल वाजवला. कोण गेलं, असं विचारत लोक रडत आले आणि गोळीबार सुरू झाला. ओल्या बाळंतिणीने मयताला जायचं नाही, ही तिथलीही रीत. म्हणून मरियामा, तिची मुलगी आणि मी वाचलो. तिचा नवरा चौकात गेला होता. कुडाच्या फटीतून मी म्होरक्याचा चेहरा पाहिला.

तो आता याच शहरात असतो आणि लग्नांत ढोल वाजवतो. मरियामाही आता इथेच राहते; तिने त्याला एका लग्नात ढोल वाजवण्याच्या हातावरून ओळखलं.

त्याच्याविरुद्धची माझी साक्ष शपथेवर नोंदवलेली आहे. खटल्याआधी मी गेले तरी ती मागे घेण्याचा हक्क सलिललाही नाही.

दागिने मरियामाच्या मुलीला. माझी जाऊ पद्मा हिने मरियामाला माझ्याच घरात "कामाला आहे का?" असं विचारलं होतं. पद्माला काहीही नाही.

कोमाबूतल्या त्या सकाळनंतर मरियामा कोणाच्याही मयताला गेलेली नाही. माझ्या वेळी तिने यावं. वाटलं तर ढोल तिनेच वाजवावा. लोकांनी जमावं, मनसोक्त रडावं. सलिल, सगळ्यांना चहा दे. आणि प्रत्येकाचा घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत झोपू नकोस.

चित्रलेखा शेजवलकर
पॉइंट कुक, १४ सप्टेंबर २०२५

साक्षीदार: कौमुदी नगरकर, शेजारीण, नरेंद्र वाळिंबे, फार्मासिस्ट. सह्या होताना गाडी समोरच उभी होती. पडदा मी ओढू दिला नाही.