राजा बुडाला ती नदी

बाबा, परवा आमचं जहाज तुर्कस्तानच्या त्या बंदराला लागलं, जिथे खलाशी म्हणून तुमची शेवटची सफर झाली होती. सुट्टी मिळाली तसा मी नदीवर गेलो. तिच्याविषयी तुम्हीच मला सांगितलं होतंत. आठशे वर्षांपूर्वी युरोपातले तीन राजे धर्मयुद्धाला निघाले, जेरुसलेम घ्यायला. त्यातला म्हातारा सम्राट अफाट फौज घेऊन जमिनीवरून इथवर आला आणि ऐन उन्हाळ्यात या नदीत बुडाला.

त्या सफरीआधी तुम्ही घरी असलात की मी मागच्या पडवीत लपायचो. ताटाबाहेर भात सांडला तरी तुमचा हात उठायचा. मग त्या सफरीहून परतलात ते अंगणाबाहेरच उभे राहिलात, आईने बोलावल्यावर आत आलात. बोलण्यातला आपल्याकडचा हेल गेला होता. ताटातले मासे तसेच राहू लागले. आई म्हणायची, "समुद्राने दमवलंय त्यांना." तुम्ही सातवी शिकलेले, पण चुलीपाशी बसून मला त्या युद्धाचं सांगायचात. पाणी संपलं, घोड्यांचं रक्त प्यायलो, चालवेना ती माणसं क्रुसासारखे हात पसरून रस्त्यात निजली. 'प्यायलो' म्हणायचात तुम्ही, 'प्यायले' नाही.

एकदा विचारलंत, "पुढे पोचले का रे ते?" मी शाळेतून पुस्तक आणून वाचून दाखवलं. उरलेले दोन राजे भांडले, एक घरी गेला, दुसरा शहराच्या अगदी जवळून मागे फिरला.

"मागे फिरला? इतक्या जवळून?" असं म्हणून तुम्ही मला पोटाशी धरलंत आणि रडलात.

परवा नदीकाठचा म्हातारा चहावाला माझ्याकडे बघतच राहिला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तू परत आलास?" मी म्हटलं, ते माझे वडील असतील. तो खाली बसला. म्हणाला, "उन्हाचा पोहायला उतरला आणि बुडाला. आम्ही सगळे शोधत होतो. ऊन उतरल्यावर पलीकडच्या काठावर उभा दिसला. अंग कोरडं. काठावरचे त्याचे कपडे आम्हीच त्याला घातले. शर्टाची बटणं कशी लावतात, तेही त्याला कळत नव्हतं."

मी पाण्यापाशी गेलो. 'बाबा' अशी हाक मारावीशी वाटली, पण ओ येईल या भीतीने मारली नाही.

तुम्ही गेलात ते आपल्या घरी, अंथरुणावर. अग्नी मी दिला. आता हे पत्र कुणाला लिहितोय, कळत नाही. आईला यातलं काही सांगणार नाही. केबिनमधल्या पेटीत तळाशी ठेवून देईन. त्या नदीत राहिलात ते तुम्ही असाल, तर मला माफ करा. जो घरी आला, त्याने मी तापाने फणफणलो तेव्हा खांद्यावर घेऊन राजापूरपर्यंत पायी नेलं. बाबा, मला तोच हवा होता.