अकरा हिरवे पट्टे

ता. ६, बुधवार

दादा,

वाकून नमस्कार. खरं तर बसूनच लिहितेय, तू वाकलेली समज. आम्ही ठीक आहोत. तूही ठीक आहेस असं मामा सांगतो, पण मामाच्या तोंडी ‘ठीक’ म्हणजे गाय ठीक की भाचा ठीक, हे त्याचं त्यालाच ठाऊक. मोबाईल आईच्या कपाटात टाकून गेलास, म्हणून हे पत्र मामाच्या दुधाच्या टेम्पोवाल्याकडे देतेय. शाळेत मला पत्रलेखनाला दहापैकी दोन मिळाले होते, तेही समास सोडल्याबद्दल. सांभाळून घे.

आईची कंबर बरी आहे. तुझी खोली मी झाडते. तुझे गणवेशाचे दोन शर्ट खुंटीवरच आहेत. आई म्हणाली, घडी करून ठेव. मी केली नाही.

गल्लीत नवीन काही नाही. किराणावाल्याने नवा तराजू घेतला, पण त्याचा अंगठा जुनाच आहे. समोरच्या टेलरणीची मुलगी दुचाकी शिकतेय आणि गल्लीतल्या सगळ्या कुंड्या तिला शिकवतायत. नळावर त्या टेलरणीने आईला ऐकवलं, “खोटे पट्टे मारणाऱ्याची आई आली, जागा द्या.” आई हंडा भरून घरी आली. मग मी रात्री टेलरणीच्या बादलीच्या कडीला सायकलचं ग्रीस फासलं. सकाळी तिने काळे हात पुसले ते नेमके गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला. तुला सांगितलं, आईला नाही.

इस्त्रीवाल्या काकांचं दुकान बंदच आहे. काका जाऊन बावीस दिवस झाले. काकू शटरच्या आत बसतात, पण शटर उघडत नाहीत. शटर खाली एक वीत वर असतं, त्यातून पाय दिसतात. लोकांचे कपडे अजून आतच आहेत, कोणी मागायला जात नाही.

तू गेल्यानंतर कुत्री टोचणारी दुसरी गाडी आली होती. चार नवे लोक, रेबीजच्या लशीचा नवा डबा, नवी जाळी. दोन दिवसांत सगळी कुत्री परत टोचली. या वेळी टोचल्याच्या खुणेचा पट्टा निळा आहे. मी गॅलरीतून बघत होते. ती तपकिरी लंगडी कुत्री आठवते, तुझ्या हातून बिस्किट खाऊन मगच टोचून घ्यायची? तिने नवीन माणसाला चांगलं पळवलं.

कुत्र्यांचं आणखी काही लिहीत नाही.

तू येणार कधी? आई विचारत नाही, पण दोन ताटं काढून तिसरं काढते आणि परत ठेवते. मी हसवते तिला. येतं मला तेवढं.

तुझी,
काडी


ता. २२, शुक्रवार

दादा,

नमस्कार. उत्तर आलं नाही. टेम्पोवाला म्हणाला, तू पत्र वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि गोठ्यात गेलास. म्हणजे वाचतोस. म्हणून आता नीट लिहिते. मध्येच विनोद केला तर तो गाळून वाच, मला सवय आहे.

काल जाळीवाला भेटला, तुझा जोडीदार. त्याला मी चहाच्या टपरीवर धरलं. म्हटलं, “तुम्ही दोघं बरोबर होतात, मग एकट्या दादालाच कसं काढलं?” तो आधी टाळाटाळ करत होता. मग कप खाली ठेवून म्हणाला, “अगं, त्याला काढला नाही, त्याने स्वतःला काढून घेतलं.”

त्याने सगळं सांगितलं. काका गेल्यावर तू साहेबांकडे गेलास, म्हणालास की ही गल्ली ताबडतोब परत टोचायला हवी. साहेब म्हणाले, तुमची गल्ली कागदावर पूर्ण आहे, ब्याऐंशी टक्के कुत्र्यांवर पट्टे मोजलेत, परत लस मिळणार नाही. कोणी खोटे पट्टे मारले असतील तर चौकशी लावू, दोन महिने लागतील. तू म्हणालास, “दोन महिने कुत्री थांबतील का?” आणि तिथल्या तिथे कागद मागून लिहून दिलंस, की पट्टे मीच न टोचता मारले. दुसऱ्या दिवशी लशीचा डबा निघाला.

मी विचारलं, “पण मग मारले कोणी?”

तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, “आम्ही चौघं होतो, दोन जोड्या. चौघंही उजव्या हाताचे. आमचा पट्टा डावीकडे जाड सुरू होतो आणि उजवीकडे बारीक होत जातो. मोजणीच्या दिवशी काही पट्टे उलटे दिसले. मला वाटलं दुसऱ्या जोडीचे असतील, तुझ्या भावालाही तसंच वाटलं. काका गेल्यावर त्याने मला विचारलं, तुला ते उलटे पट्टे आठवतात का? मी हो म्हटलं. तो म्हणाला, आता विसर.”

आपल्या घरात डावखुरं कोण आहे, हे मी तुला सांगायला नको.

म्हणजे तुला माहीत आहे. तीन महिने मी तुझ्यापासून जे लपवतेय ते तू खिशात घेऊन मामाच्या गाई धुतोयस. मला असं वाटलं, की कोणीतरी माझ्या श्रीमुखात भडकवावी आणि ती वाजूच नये.

तरी सांगते. तू रविवारी सर्कशीला नेणार होतास. शनिवारी रात्री घरी आलास तेव्हा पाय सुजलेले, हातावर ओरखडे. आईला म्हणालास, उद्या सकाळी मोजणी आहे, साठ टक्क्यांच्या वर जाईल असं वाटत नाही, मग उद्या आणि परवा पुन्हा जाळी घेऊन फिरायचं. तू झोपलास आणि हिरव्या स्प्रेचा डबा पलंगाखालच्या पिशवीत होता. पहाटे मी तो आणि बिस्किटाचा पुडा घेऊन उतरले. तूच सांगायचास ना, शंभरात सत्तर टोचली की रोग पुढे सरकत नाही. माझं डोकं किती, तर मी म्हटलं, मोजतात पट्टे, सुई कोण मोजतंय? बिस्किट पुढे, फुस्स मागे. गल्लीतल्या पन्नासातली अकरा झाली. मला वाटलं मी तुझं काम हलकं केलं. खूप हसू येत होतं रे, एकटीच गल्लीत हसत होते. एका पांढऱ्याला पट्ट्याच्या जोडीला मिशा पण काढणार होते, पण तो शिंकला.

अकरावा होता मंत्री. काकांचा मंत्री, इस्त्रीच्या टेबलाखाली पाय पसरून झोपणारा. त्याला सुईची इतकी भीती, की तुमची गाडी दिसली की गायब. काका पण त्याला लपवायचे, “राहू दे रे, घरचा आहे तो.” मी त्याला हाक मारली, तो आला, उभा राहिला. त्याने बिस्किटसुद्धा मागितलं नाही.

सकाळी ब्याऐंशी टक्के निघाले. साहेबांनी सगळ्यांसमोर तुझ्या पाठीवर थाप मारली. सर्कशीत तू जोकरापेक्षा जास्त हसत होतास. मी सांगणार होते, आईशप्पथ. म्हटलं, आता आनंदात आहे, उद्या सांगू. मग उद्या. मग म्हटलं, अकराच तर आहेत.

इथपर्यंतचं तू ओळखलंस. पुढचं तुला माहीत नाही. पुढचं कोणालाच माहीत नाही, आणि मी आधीचं पान मुद्दाम लांबवलं, कारण इथे यायचं नव्हतं.

तीन आठवड्यांनी काका आपल्या दारात आले, हाताला फडकं गुंडाळून. तू जेवत होतास. मी दारात उभी होते, माझ्या हातात तुझ्यासाठी भरलेला पाण्याचा तांब्या होता.

काका म्हणाले, “आमचे मंत्रीसाहेब आज रागावले. वाटीला हात लावला तर चावले.”

तू ताटावरून उठलास. “साबणाने धुतलं?”

“धुतलं की.”

“किती वेळ?”

“अरे धुतलं, कपडे धुतो तसं. त्याला पट्टा आहे ना तुझा? फिका झालाय, पण आहे.”

तू फडक्याकडे बघितलंस. तुला आठवत नव्हतं, मंत्र्याला कोणत्या जोडीने धरलं ते. ते मी तुझ्या चेहऱ्यावर बघितलं. मग म्हणालास, “पट्टा आहे म्हणजे टोचलेला आहे. तरी उद्या दवाखान्यात जा काका. सुया घ्या, एकही चुकवायची नाही.”

“टोचलेलं कुत्रं चावलं म्हणून मी पण टोचून घेऊ? आणि इस्त्री कोण मारणार, तुझा साहेब?”

“बरं, निदान दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. काही वेगळं वाटलं तर लगेच या.”

तेव्हा, दादा. तेव्हा मला फक्त दोन शब्द बोलायचे होते. ‘टोचलेला नाही.’ तांब्या खाली ठेवायची पण गरज नव्हती. माझ्या मनात काय आलं सांगू? मनात आलं की तू सगळ्यांसमोर मला कानफटात मारशील. आणि मनात आलं की साहेबांनी मारलेली थाप परत जाईल. आणि हे पण आलं, की मंत्री चांगला आहे, त्याला काय होतंय.

मी बोलले. गप्प बसले असते तरी बरं होतं. मी म्हटलं, “काका, आता मंत्री इस्त्री करेल आणि तुम्ही भुंका.”

सगळे हसले. तू हसलास. काका सगळ्यात जास्त हसले, दारातून जाताना माझ्याकडे वळून “भौ” केलं. हसण्यात तो विषय संपला. सुयांचं तू परत एकदा सांगणार होतास, तुझं तोंड उघडलेलं मी बघितलं होतं. माझ्या विनोदाने ते बंद केलं.

मंत्री तिसऱ्या दिवशी गायब झाला. काकांना वाटलं कुठे हुंदडतोय, त्यांनी तुला सांगितलं नाही. मला सांगितलं. मी कपडे आणायला गेले होते. मी म्हटलं, येईल.

महिन्याभराने काकांना दवाखान्यात नेलं; तू त्यांना शेवटी बघितलं नाहीस, तुला साहेबांनी ऑफिसात बसवून ठेवलं होतं. मी काकूंबरोबर आत गेले होते. पंखा बंद केलेला, खिडकीला चादर, वाऱ्याची झुळूक लागली तरी त्यांचा गळा आवळायचा. पाणी मागत होते. काकूंनी पेला दाखवला तर भिंतीकडे सरकले, अंग ताठ झालं. आयुष्यभर तोंडात पाणी भरून कपड्यांवर फवारा मारणारा माणूस, दिवसाला शंभर वेळा. पेल्याकडे बघून ओरडत होता. मध्येच शुद्धीवर आले, मला ओळखलं, म्हणाले, “काडे, काहीतरी बोल ना.” मी खिडकीच्या चादरीचं टोक खोचत राहिले. डॉक्टर बाहेर म्हणाल्या, एकदा लक्षणं दिसली की आमच्या हातात काही उरत नाही, चावल्याच्या दिवशी आला असता तर आज इस्त्री करत असता. मी हे ऐकलं आणि कॅन्टीनमध्ये जाऊन वडा खाल्ला. पूर्ण खाल्ला. का ते मला माहीत नाही.

आज सकाळी काकूंकडे गेले. शटरखालून वाकून आत गेले आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलंय तेवढं सगळं. त्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या होत्या. आधी वाटलं ऐकतच नाहीयेत. मग म्हणाल्या, “तो विनोद तूच केलास होय? घरी येऊन मला सांगितला त्यांनी. हसत होते.” आणि नंतर म्हणाल्या, “जा आता.” मी उभी राहिले. “जा म्हटलं ना.” मी बाहेर आल्यावर ते वीतभर शटर पण खाली आलं.

आईला दुपारी सांगितलं. तिने मला मारलं नाही. भांडी घासत होती, घासत राहिली. तीच कढई.

मग तुझ्या ऑफिसात गेले. कारकून म्हणाला, “तुझ्या भावाने कबूल केलंय, सही आहे, फाईल बंद झालीय. तू कोण मधेच?” म्हटलं, डबा द्या, कागद द्या, बघा कोण ते. डाव्या हाताने त्याच्या जुन्या वर्तमानपत्रावर पट्टा मारून दाखवला. जाळीवाला पण आला होता, मीच ओढून आणला. त्याने सांगितलं, मोजणीच्या दिवशीचे पट्टे असेच होते. साहेबांनी माझ्याकडून लिहून घेतलं. शुद्धलेखन बघून त्यांची पण पंचाईत झाली असेल. चौकीत पाठवायचं की काय ते नंतर ठरवतील, म्हणाले. ठरवू देत.

येत्या गुरुवारी अकरा वाजता तुला बोलावलंय. साहेब एकच विचारतील, बहीण सांगते ते खरं आहे का. तू हो म्हण. ‘लहान आहे’ म्हणू नकोस, एकोणीस पूर्ण झालीत. ‘तिला कळलं नाही’ म्हणू नकोस. पट्टे मारताना कळलं नव्हतं. दारात कळत होतं. पुन्हा मला वाचवायला खोटं बोललास, तर मी त्यांच्यासमोर तुला खोटा पाडेन, मग साहेबांना वाटू दे सगळं घरच वेडं आहे.

कुत्री आता सगळी टोचलेली आहेत. तुझ्या त्या एका सहीने. पण तू स्वतःला धरून बसला असशील, की मी त्या दिवशी काकांना हाताला धरून दवाखान्यात का नेलं नाही. तू सांगितलं होतंस. नीट सांगितलं होतंस. ते ऐकू येऊ दिलं नाही मी.

शर्टांना इस्त्री नाही, त्यांचं तुझं तू बघ. टेम्पोवाल्याला सांगितलंय, बुधवारी रात्री तुझ्यासाठी पुढची सीट रिकामी ठेव. दार आई उघडेल. मी आत असेन, तू हाक मारल्याशिवाय बाहेर येणार नाही. नाही मारलीस तरी मला समजेल.

हातात तांब्या घेऊन दारात उभी होती ती,
काडी