सिगार्राच्या लेकींचा मुजरा

मोंते दू फ्रेइशु,
२ मार्च १९९४

चि. इदालिना हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, संत्र्याचा केकही मिळाला. केक वाटेत अर्धा झाला होता, पण पोस्टमनच्या मिशीवर साखर बघून मी गप्प बसलो. तुझ्या आदोझिंदा वहिनीचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे.

आता आपल्या आंदोरिन्या घोडीचं. जानेवारीत ती चॅपलच्या चढावर मध्येच थांबली आणि हलेना. बारा वर्षांत पहिल्यांदा! एव्होराहून डॉक्टरीणबाई आल्या, नोएमिया नावाच्या. पोरगीच आहे, पण हात हलका. एक्स-रे काढला. पाठीच्या मणक्यांची वरची टोकं एकमेकांना घासतात म्हणे. खोगीर बंद. घोडी फळवायची का, ते तुम्हीच विचार करून ठरवा, असं दुखणं कधी कधी रक्तातून उतरतं, असं सांगून बाई गेल्या. मला ते पटत नाही. दोष माझ्या जुन्या खोगिराचा असणार.

सिगार्राच्या वंशाची ही शेवटची मादी. शेजारच्या कितेरियुचा घोडा तयार आहे आणि मे संपला की हंगाम गेला. बाबांनी आपल्या घोड्यांवर उमटवायचा शिक्का दोघांच्या नावावर ठेवला, म्हणून घोडी फळवायच्या सोबतच्या कागदावर तुझी सही हवी. काल गवतात उभी होती, उन्हात पांढरीशुभ्र. बघतच राहिलो. असं जनावर आपल्यामागे उरू नये, हे मला सोसवत नाही.

माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझा, बेल्शिओरदादा


कोइंब्रा,
१५ मार्च १९९४

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

केकचं ऐकून हसले. पुढच्या खेपेला दोन पाठवते, एक पोस्टमनच्या नावाने.

आंदोरिन्याचं वाचून जीव कळवळला. मी सतरा वर्षांची असताना तिच्या आजीवर, सिगार्रावर, बसून गोलेगांच्या जत्रेत गेले होते, आठवतं? मी खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळला आणि तिने पाठ खाली घालून असा मुजरा केला की लोक भाजलेली चेस्टनटं हातात धरून बघत राहिले. बाबा म्हणाले, हे आमच्या घराण्याचं वळण. जी शिंगरं मुजरा करायची ती बाबांनी ठेवली, न करणारी विकली. किती मिरवलो आपण त्यावर!

पण दादा, एक सांगू? त्या दिवशी तंग आवळताना सिगार्राने कान मागे टाकून दात खाल्ले होते. मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले की खानदानी आहे, नखरा करणारच. आणि तिची बहीण पोंबा, जी मुजरा करत नव्हती म्हणून पाद्रीबाबांना विकली, तिने त्या जाड्या माणसाला सत्ताविसाव्या वर्षापर्यंत वाहिलं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मला भीती वाटते.

कागद माझ्यापाशी आहे. रागावू नकोस.
तुझी लाडकी (अजून असेन तर), इदालिना


मोंते दू फ्रेइशु,
२६ मार्च १९९४

चि. इदालिनास आशीर्वाद.

रागावलोच आहे. शहरात गेलीस, चार बुकं वाचलीस आणि आता बाबांना घोडा कळत नव्हता म्हणतेस? अख्खा तालुका ज्यांना विचारून शिंगरू घ्यायचा, त्यांना? मुजरा म्हणजे दुखणं, हे उद्या कितेरियुच्या कानी गेलं तर तो ताव्हेर्नात, दारूच्या गुत्त्यात, बसून वर्षभर माझी टिंगल करेल. सही करायची नसेल तर तसं सरळ लिही.

वहिनी म्हणते, इस्टरला ये. मी काही म्हणत नाही.
बेल्शिओर


कोइंब्रा,
४ एप्रिल १९९४

ती. दादास, सा. न.

सही केली आहे. कागद सोबत आहे. तुझ्या रागाला भिऊन केलेली नाही. जनावराला इजा होईल असं तू आजवर काही केलेलं मी पाहिलं नाही, म्हणून केली आहे.

एकच मागणं. कागद कितेरियुला देण्याआधी एकदा तंग दुसऱ्या कुणालातरी आवळू दे आणि तू तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहा. मग तुला वाटेल ते कर. मी पुन्हा या विषयावर अक्षर काढणार नाही.

वहिनीला म्हणावं, इस्टर हुकला, पण तिच्या हातचं कोथिंबीर घातलेलं पावाचं सार, आसोर्दा, खायला जूनमध्ये येते.
तुझी, इदालिना


मोंते दू फ्रेइशु,
३० एप्रिल १९९४

चि. इदालिना, तुला पोटभर आशीर्वाद.

तुझा कागद दहा दिवस मेजावर होता. मग एका सकाळी वहिनीला तंग धरायला सांगितलं. चाळीस वर्षं मी तंग आवळत आलो आणि समोरून तोरा बघत आलो. पाठीवर तळवा असा कधी ठेवलाच नव्हता. तंग पोटाला लागलाही नव्हता. नुसती बक्कल वाजली आणि हाताखालचं मांस थरथरायला लागलं, मग पाठ खाली गेली. वहिनी म्हणाली, अहो, मार खाल्लेलं कुत्रं झाडू बघून असंच वाकतं, याला कसला मुजरा म्हणता! मला तिथेच रडू आलं.

बाबांची वही काढली. सिगार्रापुढे त्यांच्या हातचं आहे: छान वाकते, ठेवावी. तिच्या लेकीपुढे तेच. आंदोरिन्यापुढे माझ्या अक्षरात तेच. पोंबापुढे: ताठ, विकावी. तीन पिढ्या आपण दुखणं निवडून निवडून वाढवलं आणि जत्रेत मिरवलं. बाबांना घोड्यांवर जीव होता, त्यात खोट नाही. पण चुकले, आणि मीही चुकलो. आणि ही आंदोरिन्या! बारा वर्षं त्या पाठीवर मला घेऊन फिरली, एकदाही पाडलं नाही. एवढ्या मोठ्या मनाचं जनावर मी दुसरं पाहिलं नाही.

कितेरियुला मी स्वतः जाऊन नाही म्हटलं, कारणही सांगितलं. तो हसला नाही. उठून पागेत गेला आणि आपल्या घोड्यांच्या पाठी चाचपत बसला.

परवा तेलघाणीवाल्या झेफेरिनुकडे गेलो. पोंबाची पणती त्याच्याकडे आहे, तीन वर्षांची, करडी, कान थेट सिगार्राचे. खोगीर घातलं, तंग आवळला, पाठीवर हात ठेवला. ती गवत चघळत राहिली. आपला जुना छकडा देऊन तिला घरी आणलं. आता ती आंदोरिन्याच्या मागे मागे हिंडते आणि आंदोरिन्या तिला सासूसारखी दटावते. तुझी सही केलेला कागद परत पाठवतो आहे, या नव्या पोरीच्या नावाचा दुसरा जूनमध्ये आलीस की भरू.

वहीत नवीन पोरीचं नाव लिहिलं. पुढे काय लिहायचं, यावर बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं: ताठ, ठेवावी.

बहिणीने भावाला असंच खडसावत राहावं, एवढीच मागणी.
तुझा, बेल्शिओरदादा