पुढच्या पायरीवर बसण्याचा हक्क

मी, शिंपीदादांची थोरली मुलगी, निवृत्त शिक्षिका, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि मनात पुष्कळ राग ठेवून, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे.

१. वडिलांचे शिलाई मशीन भाचीला. माझा कॉन्व्हेंटचा निळा झगा त्यांनी याच मशीनवर शिवला, वाढत्या अंगाची दुमड ठेवून. सिस्टर तो उलटा करून बघत आणि म्हणत, "आतूनही तितकाच नीट!" पोरी, तुझ्या बापाला हे कधी जमले नाही.

२. तो बाप म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याचा कपड्यांचा कारखाना माझ्या परसाला लागून आहे. प्रत्येक कपड्याला चिठ्ठी लटकते: 'स्वच्छ पाणी, सुखी हात'. माझ्या विहिरीचे पाणी मात्र कधी जांभळे, कधी हिरवे. बाजारात ज्या रंगाची चलती, त्याचे. मोठ्या दुकानांचे तपासनीस आले, की मागच्या रंगशाळेला कुलूप लागते. तिथल्या बायांना त्याची माणसे परसदारातून माझ्या मधल्या खोलीत आणून बसवतात आणि माझ्या पुढच्या दाराला बाहेरून कडी घालतात. कोपरापर्यंत रंगलेल्या हातांनी त्या बिचाऱ्या कपबशी धरतात.

गेल्या खेपेला त्यांतली एक, जिला सगळ्या लाडाने निळी म्हणत, धापा टाकू लागली. मी भावाला फोन केला.

"ताई, पाहुणे जाऊ देत. दारात ॲम्ब्युलन्स दिसली, तर ऑर्डर गेलीच म्हणून समज."

"अरे मेल्या, बाई जातेय इथे!"

"ओरडू नकोस. पडदा ओढून घे."

मी खिडकीतून हाका मारल्या. शेजारचे डॉक्टर कुंपण चढून आले, तोवर निळी गेली होती.

३. म्हणून हे घर, विहिरीसकट, निळीच्या लेकीला. ती आता रंगशाळेत आईच्याच रंगाच्या हौदावर उभी असते. भावाला यातली वीटही नाही. त्याला पुढच्या दाराची बाहेरची कडी द्यावी, स्क्रूसकट.

४. मी गेल्यावर त्याच्या कारखान्यातले कापड माझ्या अंगावर घालू नये.

५. तपासणीच्या दिवशी रंगशाळेतल्या बायांनी पुढच्या पायरीवर बसावे. चहा तिथेच घ्यावा. हात झाकू नयेत. तपासनीसांना आमच्याच विहिरीचे पाणी द्यावे, काचेच्या पेल्यात. हे कलम माझ्या मरणासाठी थांबणार नाही, उद्यापासूनच लागू. कडी मी आज सकाळी सुताराकडून काढून घेतली आहे.

लिहून ठेवणार: ताई (सही)
साक्षीदार: कुंपण चढून आलेले डॉक्टर (सही), कडी काढणारा सुतार (सही)
स्थळ: माझ्या घराची मधली खोली
दिनांक: तपासणीचा आदला दिवस