खारोबाची तहान

प्रिय खुशी,

दारव्ह्यात कापसाची पऱ्हाटी कमरेएवढी झाली आहे आणि गच्चीवरची सिमेंटची टाकी परवा नव्याने रंगवून घेतली. घाबरू नकोस, खारोबाला धक्का लावलेला नाही. रंगाऱ्याला बजावले, की या प्राण्याच्या कडेकडेने ब्रश फिरव. त्याने विचारले, "सर, हा डुक्कर व्हय का?" दहा वर्षांपूर्वी ऑइलपेंटने तू काढलेला समुद्रराक्षस तो, त्याची ही किंमत!

आठवते ना? तू आठ वर्षांची होतीस, उन्हाळ्याच्या सुटीत मामाकडे आलेली. आपल्या दोघांपैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता, पण मी विज्ञान शिकवतो या एका आधारावर आपण समुद्रराक्षस घडवण्याचे काम हाती घेतले. माझी अट एकच होती: प्राणी कितीही अचाट असो, तो जगतो कसा हे सांगता आले पाहिजे. आकार, अन्न, श्वास, सारे रीतसर ठरत गेले. तेवढ्यात नळ आले, शेजारच्या हंसाबाई घागर घेऊन धावल्या आणि तू मध्येच विचारलेस, "मामा, समुद्राचं पानी तं खारं. मंग हा पेते काय?"

खुशी, मी किती वर्षे शिकवतो आहे. इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला. मी उत्साहाने समजावले, की समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांजवळ एक ग्रंथी असते, ती रक्तातले जादा मीठ गोळा करते आणि ते नाकपुड्यांवाटे बाहेर पडते. तू म्हणालीस, "नाकातून मीठ? छी!" आणि सरळ त्याच्या पाठीवर टाकी बसवून दिलीस. पावसाळ्यात भरायची, उन्हाळाभर पुरवायची. आठवड्यातून दोनदाच प्यायचा बिचारा, आपल्या नळासारखा! अख्ख्या समुद्रात राहून पाण्याची काटकसर करणारा राक्षस आपल्या जिल्ह्याबाहेर कोणाला सुचला नसता. पोळ्याला लहान मासे त्याची शिंगे रंगवत, पुरणपोळी खाऊ घालत. त्या दिवशी त्याला कामाला सुटी, म्हणून जहाजांनाही भय नसे.

या वर्षी सहावीच्या मुलांना अनुकूलन शिकवताना मी खारोबाच सांगितला. तुझी मत्स्यविज्ञानाला निवड झाली, तेव्हा गल्लीत पेढे वाटताना हंसाबाई सर्वांना सांगत होत्या, की पोरगी खारोबाले भेटाले चालली. 

आता मुद्द्यावर येतो. तुझ्या आईचा, रुपालीताईचा काल फोन आला. बोटीच्या पहिल्याच फेरीत तुला उलट्या झाल्या, वर्गातली किनाऱ्याकडची मुले हसली, "यवतमाळवाल्यांनी कापूसच वेचावा" असे कोणीसे म्हणाले आणि तू बॅग भरून ठेवली आहेस. तू मला सांगितले नाहीस, यावरूनच मनाला किती लागले ते कळले. तर शांतपणे ऐक. बोट हलते हे आतल्या कानाला कळते. डोळ्यांना मात्र समोरची फळी स्थिर दिसते. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळून पोटाला शिक्षा करतो. म्हणून नजर क्षितिजावर ठेवावी, पोट अगदी रिकामे ठेवू नये. बहुतेकांना काही फेऱ्यांनंतर सवय होते. यात कापसाचा काहीही संबंध नाही. हंसाबाईंना हे सविस्तर समजावले, तर त्या म्हणाल्या, "मले तं जन्माची यष्टी लागते, गुरुजी. म्हून काय माहेराले जानं सोडलं म्या?" माझ्या स्पष्टीकरणापेक्षा हे बरे आहे, म्हणून जसेच्या तसे लिहिले. सोमवारी पुन्हा बोट आहे म्हणे. तिच्यात बसायचे की घरच्या गाडीत, हे तूच ठरव. घर तुझेच आहे, आलीस तर फाटकापर्यंत मी धावत येईन. फक्त एक नोंद माझ्याकडून राहून गेली होती, ती आज करतो: खारोबाचा जन्म दारव्ह्याच्या गच्चीवरचा, तेव्हा पहिल्यांदा समुद्रात उतरला त्या दिवशी त्यालाही नक्कीच ओकारी झाली असणार. आणि तरी तो तिथेच राहिला.

तुझाच,
धम्मरत्नमामा