प्रज्ञाच्या गोळ्या आणि पिकअपची किल्ली

कपिल,

किल्ली शोधू नकोस, माझ्याकडे आहे. मी येडगावला तुझ्या आत्याकडे चाललोय. तोंडावर सांगितलं असतं, तर तू हसून हात पुढे केला असतास आणि मी किल्ली देऊन टाकली असती.

डॉक्टरांनी माझ्या सुनेला, प्रज्ञाला, वजन कमी करायला दिलेल्या गोळ्या तू वाशीला माल नेताना जागं राहायला खातोस. काल आळेफाट्यावर मित्रांना सांगत होतास, "झोप नाय, भूक नाय, जेवायला थांबायचंबी काम नाय. लई भारी गोळी राव!" मी मागच्याच बाकावर बसलो होतो.

गोळीसोबतचा कागद भिंगातून पुन्हा पुन्हा वाचला. मला सगळं समजलं असेल असं नाही. पण रक्तदाबवाल्याने ही घेऊ नये, एवढं स्पष्ट लिहिलंय. तुला रक्तदाब आहे, गाढवा! माळशेज घाटात छाती धरून स्टीअरिंगवर पडलास तर?

प्रज्ञावर ओरडू नकोस, तिने मला काही सांगितलेलं नाही. गोळ्या लवकर का संपतात, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आजच दवाखान्यात जा. गाडी चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी स्वतः मला फोनवर सांगितलं, तरच परत येईन. तोवर दारातले टोमॅटो सडले तर सडू देत.

नाना